प्रवेशानंतरचा प्रवास : कोलकात्यातील वैद्यकीय प्रशिक्षण, विद्यार्थिसाहाय्य आणि आत्मपर लेखन

शिक्षणसंस्थांच्या इतिहासात ‘पहिला’ आणि ‘पहिली’ या शब्दांना मोठा मान असतो. पहिला शवविच्छेदक, पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर अशी नोंद झाली की संस्थेचे दार उघडले असे मानले जाते आणि इतिहासकथन बहुधा तेथेच थांबते. वैद्यक किंवा जीववैद्यकीय संशोधन यांसारख्या दीर्घ प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मात्र प्रवेश ही फार तर पहिली पायरी होय. विद्यार्थी आत आल्यानंतर त्याच्या निर्वाहाचे काय झाले, त्याला कोणत्या भाषेत शिकविले गेले, त्याच्या परीक्षा कोणी घेतल्या, त्याच्या प्रबंधाचा विषय कोणी मान्य केला, तो राहिला कोठे, या प्रश्नांची उत्तरे प्रवेशनोंदवहीत सापडत नाहीत. ज्या समूहांना अशा संस्थांत प्रतिनिधित्व नव्हते किंवा नगण्य होते, त्यांच्या बाबतीत तर हेच प्रश्न निर्णायक ठरतात. त्यांची उत्तरे ज्या लेखनात विखुरलेली आहेत ते लेखन म्हणजे भाषणे, पत्रे, प्रबंध, चरित्रे आणि आत्मकथने होत. म्हणजेच हा विषय शिक्षणशास्त्राइतकाच साहित्याभ्यासाचाही आहे.

कोलकाता हे शहर या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. भारतातील पाश्चात्त्य वैद्यकाचे संस्थात्मक शिक्षण येथे लवकर सुरू झाले. बंगाली स्त्रियांचा वैद्यकातील प्रवेश येथेच वादाचा विषय झाला. आणि मराठी वाचकांच्या परिचयाच्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्याचा आपला निर्णय जाहीरपणे मांडला तोही या शहराच्या परिसरातच.

१८३५ मध्ये कोलकात्यात मेडिकल कॉलेज स्थापन झाले, तेव्हा साहाय्याची कल्पना संस्थेच्या मूळ आराखड्यातच अंतर्भूत होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आरंभीच्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळे. उच्चवर्णीय हिंदू मुलांनी प्रेताला हात लावावा, ही त्या काळी साधी अपेक्षा नव्हती. त्यामुळे त्यांना आकर्षित करण्यासाठी, टिकविण्यासाठी आणि गौरविण्यासाठी शासनाने व शहरातील धनिकांनी मिळून एक व्यवस्था उभी केली. १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी केलेले शवविच्छेदन हा या व्यवस्थेतील दर्शनी प्रसंग. मधुसूदन हे संस्कृत कॉलेजातून आलेले, आयुर्वेदाचे जाणकार. नव्या विद्येस जुन्या विद्येचे प्रमाणपत्र मिळावे, यासाठी त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. द्वारकानाथ ठाकूर यांनी गुणी विद्यार्थ्यांसाठी पारितोषिकांची रक्कम दिली. १८४५ मध्ये चार विद्यार्थी प्राध्यापक गुडीव्ह यांच्यासमवेत इंग्लंडला गेले, त्यांपैकी दोघांचा खर्चही द्वारकानाथांनी उचलला. या चौघांपैकी सूर्यकुमार चक्रवर्ती यांनी पुढे आपल्या नावात शिक्षकाचे ‘गुडीव्ह’ हे नाव घेतले आणि १८५५ मध्ये स्पर्धापरीक्षेद्वारे भारतीय वैद्यकीय सेवेत प्रवेश मिळविला.

विद्यावेतन, पारितोषिक, परदेशप्रवासाचा खर्च आणि पाठीशी उभा राहणारा शिक्षक, असे हे चार घटक होत. आज ‘विद्यार्थिसाहाय्य’ या नावाखाली ज्या गोष्टींची यादी केली जाते, त्यांतील बहुतेक येथे आहेत. त्या अनुदार समजल्या गेल्या नाहीत, की गुणवत्तेच्या विरोधात आहेत असेही कोणी म्हटले नाही. साहाय्य हे दुबळ्यांसाठी असते आणि गुणवत्ता स्वयंभू असते, ही समजूत नंतरची आहे. ज्यांनी साहाय्य आधीच घेऊन पचविले होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ती रुजविली.

पुढील टप्पा भाषेचा आहे. १८५२ मध्ये मेडिकल कॉलेजात बंगाली माध्यमाचा वर्ग सुरू झाला. इंग्रजी न येणाऱ्या, अल्प साधनांच्या विद्यार्थ्यांसाठी तो उघडपणे सोयीचा होता. १८७३ मध्ये तो शियालदह येथे हलविण्यात आला आणि १८८४ पासून त्या शाळेला कॅम्पबेल मेडिकल स्कूल हे नाव मिळाले. (स्वातंत्र्योत्तर काळात तिचे रूपांतर नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात झाले.) मुंबई इलाख्यातही देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याचे प्रयत्न ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले आणि १८७८ मध्ये पुण्यात वैद्यकीय शाळा निघाली. देशी भाषेतील शिक्षण ही मदत होती, पण त्याचबरोबर ती एक मर्यादाही होती. इंग्रजी वर्गातून पदवीधर डॉक्टर बाहेर पडत, देशी वर्गातून परवानाधारक साहाय्यक. एकाच शहरात, एकाच विद्येचे दोन दर्जे भाषेच्या आधारे निर्माण झाले. ज्यांना मातृभाषेने दार उघडून दिले, त्यांच्यासाठी वरच्या मजल्याचा जिना मात्र त्याच भाषेने बंद केला. इंग्रजी आणि देशी भाषा यांच्या वसाहतकालीन संबंधांची चर्चा करताना कथा-कादंबऱ्यांकडेच पाहण्याची सवय असलेल्या अभ्यासकांना वैद्यकीय शाळांच्या या दुहेरी रचनेत विचारार्ह सामग्री मिळू शकेल. एक विपर्यास येथेच नोंदवावयास हवा. काळा-आजारावरील युरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केले, ते या दुय्यम समजल्या गेलेल्या कॅम्पबेल शाळेच्या रुग्णालयातील एका लहानशा, साधनहीन खोलीत.

स्त्रियांसाठी मात्र १८८०च्या आसपास कोलकात्यात ना इंग्रजी वर्ग उपलब्ध होता ना देशी. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. परिणामी पुढे अबला बोस म्हणून ओळखल्या गेलेल्या अबला दास यांना वैद्यक शिकण्यासाठी १८८२ मध्ये कोलकाता सोडून मद्रासला जावे लागले. बंगाल शासनाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती, तरी प्रकृतीच्या कारणाने शिक्षण अपुरे राहिले. दार दूरच्या शहरात असेल, तर तेथवर जाणे आणि तेथे राहणे हाच अभ्यासक्रमाचा सर्वांत कठीण भाग होऊन बसतो.

त्याच सुमारास गोपाळराव जोशी टपाल खात्यातील बदलीमुळे बंगालमध्ये आले होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षेही पूर्ण नव्हते. लोक विचारतात त्या सहा प्रश्नांची उत्तरे, अशी या भाषणाची रचना आहे. अमेरिकेलाच का, भारतात शिकण्याची सोय नाही का, एकटीच का, परतल्यावर बहिष्कार पडणार नाही का, संकट आले तर काय, आणि कोणत्याही स्त्रीने पूर्वी न केलेले आपणच का करावे, असे ते प्रश्न. प्रश्नोत्तराची ही रचना वकिली युक्तिवादासारखी आहे आणि ती जाणीवपूर्वक स्वीकारलेली दिसते. भाषणातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वांत मोलाचे. मद्रासला महाविद्यालय आहे, इलाख्यांतून सुईणींचे वर्ग आहेत, हे आनंदीबाई मान्य करतात. पण संस्था असणे आणि तेथे शिकता येणे यांतील अंतर त्या आपल्या अनुभवाने दाखवून देतात. ख्रिस्ती किंवा ब्राह्मो स्त्रीला जो समाज सोबत मिळतो, तो रूढ हिंदू पोशाखातील ब्राह्मण स्त्रीला मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. रस्त्याने चालताना होणारी टिंगल, गर्दी, खडे मारणे, दुकानदारांचे थुंकणे यांचे वर्णन त्या कोणताही आक्रोश न करता, जवळजवळ साक्षीपुराव्याच्या भाषेत करतात. संस्थेत पोहोचण्याचा रस्ता हा संस्थेचाच भाग असतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी तत्कालीन उदाहरणे थोडी.

यापूर्वी काही महिने, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंनी पुण्यात हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली होती. रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी कोलकात्यात मिळाल्या होत्या. मराठी स्त्रीच्या शब्दाला पुण्यापेक्षा अगोदर कोलकात्याने मान दिला, हा योगायोग नव्हे. तेथे ब्राह्मो मंडळींच्या रूपाने ऐकणारा वर्ग तयार झाला होता. आनंदीबाईंना मात्र तोही आपला वाटत नव्हता, ही गुंतागुंत दोघींच्या तुलनेत विसरली जाऊ नये.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना मिळालेले साहाय्य अनेक पदरी होते. महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली; न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने त्यांना मुलीसारखे ठेवून घेतले; अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी जातीने लक्ष घातले. प्रवासखर्चासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या, ही हकिकत मराठी वाचकांना पाठ आहे. तितकी पाठ नाही ती निवासाच्या खोलीची गोष्ट. तेथील शेगडी पेटविली तर खोलीत धूर कोंडे आणि न पेटविली तर थंडी सोसावी लागे, असे चरित्रांत सांगितले आहे. आहार आणि पोशाख न सोडण्याचा निर्धार, परकी हवा आणि नादुरुस्त शेगडी या साऱ्यांचा भार एकाच शरीराने वाहिला. शिष्यवृत्तीच्या हिशेबात शेगडी कधी येत नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक कागदावरच राहिली.

त्या महाविद्यालयाकडे व्यापक दृष्टीने पाहिल्यास साहाय्याचा आणखी एक पैलू उघड होतो. १८६७ मध्ये रिबेका कोल या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तेथे पदवी मिळविली होती. १८८५ मधील एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लाम्बूली आपापल्या देशी पोशाखांत एकत्र दिसतात. १८८९ मध्ये ओमाहा जमातीतील सुझन ला फ्लेश यांनी तेथेच पदवी घेतली. ला फ्लेश यांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकेतील मूलनिवासींच्या हितासाठी काम करणाऱ्या स्त्री-संघटनेने उचलला आणि त्यासोबत अट घातली की शिक्षण चालू असताना व त्यानंतरही काही वर्षे त्यांनी विवाह करू नये. साहाय्य देणाऱ्याला साहाय्य घेणाऱ्याच्या आयुष्याचा आराखडा ठरविण्याचा अधिकार वाटू लागतो, याचे हे उदाहरण होय. आनंदीबाईंना मिशनऱ्यांकडून येणाऱ्या धर्मांतराच्या अपेक्षेला तोंड द्यावे लागले, हे त्याचेच दुसरे रूप. ते सुंदर छायाचित्रही या दृष्टीने पुन्हा पाहावयास हवे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत, आणि तीन देशांचे नमुनेही आहेत.

या सर्वांत आनंदीबाईंच्या प्रबंधाकडे मराठी समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. मूळ प्रबंध फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. संस्कृत ग्रंथपरंपरेतील माहिती आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील ज्ञान त्यांनी त्यात एकत्र आणले. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय प्रबंध बहुधा एखाद्या रोगाचे ठराविक वर्णन असे. अशा चौकटीत, स्वतःच्या परंपरेला संशोधनाचा विषय बनविण्याची मुभा एका परदेशी विद्यार्थिनीला मिळाली, हे साहाय्याचे सर्वांत दुर्मीळ रूप म्हटले पाहिजे. अर्थात त्या मुभेतही एक अपेक्षा दडलेली असू शकते. परक्या विद्यार्थ्याने आपल्या ‘परक्या’पणाविषयीच लिहावे, अशी ती अपेक्षा. शिवाय ‘आर्य’ हे विशेषण निवडताना कोणाच्या प्रसूतिज्ञानाची नोंद झाली आणि कोणाच्या ज्ञानाची झाली नाही, हाही प्रश्न उरतो. गावोगावच्या सुईणी ज्या जातींतून येत, त्यांचे ज्ञान या चौकटीबाहेरच राहते. अल्पप्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थिनीच्या संशोधनातही प्रतिनिधित्वाच्या पायऱ्या असतात, याची जाणीव हा प्रबंध करून देतो.

साहाय्याचे श्रेय कोणाला, याविषयी आनंदीबाईंच्या निरनिराळ्या चरित्रांत जे वेगवेगळे उत्तर मिळते, ते तौलनिक अभ्यासाला आवाहक आहे. कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ मधील इंग्रजी चरित्र अमेरिकन स्नेहीमंडळाच्या केंद्रातून लिहिलेले आहे. काशीबाई कानिटकर यांचे १९१२ मधील मराठी चरित्र पत्रांवर आधारलेले असून त्यात एका समकालीन स्त्रीची नजर आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ मधील कादंबरी शीर्षकापासूनच पतिपत्नींच्या नात्याला मध्यवर्ती स्थान देते, आणि तिच्यामुळे मराठी मनात गोपाळराव हाच साहाय्याचा मुख्य, काहीसा भयावह, स्रोत म्हणून ठसला. २०१९ मधील मराठी चित्रपटानेही हीच जोडी पडद्यावर आणली. परिणाम असा की कार्पेंटरबाई, बॉडली आणि खुद्द महाविद्यालय ही संस्थात्मक बाजू मराठीत पार्श्वभूमीला गेली. एका व्यक्तीच्या हट्टाने दुसरी व्यक्ती घडली, ही कथा सांगायला सोपी आहे. संस्थांनी काय केले आणि काय केले नाही, ही कथा कादंबरीच्या घाटात बसविणे अवघड आहे.

आनंदीबाई जहाजावर चढल्या त्याच वर्षी कोलकात्यातील दार किलकिले झाले. चंद्रमुखी बसू यांच्यासमवेत पदवीधर झालेल्या कादंबिनी गांगुली यांना १८८३-८४ मध्ये मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तो कॉलेजातील विरोधाला न जुमानता शासनाच्या निर्णयाने. दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्तीही मिळाली. त्यामागे बंग महिला विद्यालय आणि नंतर बेथून शाळा अशी पूर्वतयारीची एक साखळी होती, आणि पती द्वारकानाथ गांगुली यांच्यासारखे आग्रही ब्राह्मो सुधारक होते. मात्र अडथळा आला तो परीक्षेत. एका विषयात त्यांना अनुत्तीर्ण ठरविण्यात आले आणि विद्यापीठाची एम.बी. पदवी हुकली. १८८६ मध्ये कॉलेजने आपल्या अधिकारात वेगळी पदविका देऊन व्यवसायाची वाट मोकळी केली. १८९१ मध्ये ‘बंगबासी’ या पत्राने त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली तेव्हा खटला भरला गेला आणि संपादकाला शिक्षा झाली. १८९३ मध्ये त्या ब्रिटनला गेल्या आणि एडिंबरा, ग्लासगो येथील पात्रता मिळवून परतल्या. ज्या शहरात त्यांनी संपूर्ण शिक्षण घेतले, त्या शहराने त्यांच्यावर विश्वास ठेवावा यासाठी त्यांना दुसऱ्या शहराचा शिक्का आणावा लागला.

कादंबिनी यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांची प्रतिमा इतरांच्या लेखनातून तयार होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८८८ मधील पत्रात त्यांचा उल्लेख आहे. कुटुंबातील पुण्यलता चक्रवर्ती यांच्या बालपणीच्या आठवणींतही त्या दिसतात. परीक्षेत नेमके काय घडले याविषयी त्यांचा स्वतःचा शब्द नाही. त्या पोकळीत आख्यायिका सहज शिरतात. २०२० मध्ये बंगाली दूरचित्रवाणीवर त्यांच्या जीवनावर एकाच वेळी दोन मालिका चालू होत्या, यावरून त्या आख्यायिकेची भूक किती, हे कळते.

याउलट हैमवती सेन यांच्याविषयी जे काही कळते, ते मुख्यतः त्यांच्याच शब्दांतून. १८६६ मध्ये खुलना भागात जन्म, दहाव्या वर्षाच्या आत कितीतरी मोठ्या माणसाशी विवाह, लवकरच वैधव्य, नंतर काशी, तेथून कोलकाता, ब्राह्मो आश्रय, पुनर्विवाह, आणि १८९०च्या दशकाच्या आरंभी कॅम्पबेल शाळेत प्रवेश. या शाळेने १८८८ पासून स्त्रियांना घ्यायला सुरुवात केली होती. हैमवतींनी बंगाली माध्यमातील परवाना मिळविला. इंग्रजी पदवीची वाट त्यांच्यासाठी नव्हतीच. अंतिम परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या. त्यावर पुरुष विद्यार्थ्यांनी संप पुकारला व दंगा केला. तडजोड म्हणून हैमवतींनी रौप्यपदक आणि दरमहा तीस रुपयांचे विद्यावेतन स्वीकारले. १८९४ पासून त्यांनी चुंचुडा येथील डफरिन स्त्री-रुग्णालयात काम केले.

या प्रसंगाचा अन्वयार्थ काळजीपूर्वक लावावा लागतो. वरवर पाहता विद्यार्थिनीला साहाय्य मिळाले. विद्यावेतन म्हणजे साहाय्यच. पण ते पदकाच्या मोबदल्यात मिळाले. जे हक्काने मिळावयाचे होते ते काढून घेऊन त्याच्या जागी दयेने द्यावयाची रक्कम ठेवली गेली. संस्थेच्या दप्तरात या घटनेची दोन टोके स्वतंत्रपणे नोंदली जाऊ शकतात, एकीकडे रौप्यपदक आणि दुसरीकडे विद्यावेतन. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि दोन्ही मिळून खोट्या. त्यांच्यामधला संप केवळ आठवणींतच सापडतो. घर चालविणे, कमावणे, नवऱ्याचा मार सोसणे आणि अभ्यास करणे ही सारी कामे हैमवती एकाच पातळीवर, एकाच निवेदनात सांगतात. ‘शिक्षण’ नावाचे वेगळे प्रकरण त्या पाडीत नाहीत. मराठीत रमाबाई रानडे किंवा लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी वाचलेल्यांना हा घरगुती सूर ओळखीचा वाटेल. तथापि पतीच्या थोरवीभोवती कथन गुंफण्याचा जो आधार रमाबाईंना होता, तो हैमवतींना नव्हता. उपकारकर्त्याचे चरित्र लिहिण्याची गरज नसलेले हे आत्मकथन आहे, आणि म्हणूनच त्यात साहाय्याचा हिशेब रोखठोक येतो. बंगालीत लिहिलेल्या या वह्या वाचकांसमोर आल्या त्या लेखिकेच्या मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी, २००० मध्ये, तपन रायचौधुरी यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या रूपाने. बंगालीतून शिकल्यामुळे ज्यांचा दर्जा खालचा ठरला, त्यांचे लेखन विद्वत्तेच्या परिघात आले ते इंग्रजीच्या हातून.

कादंबिनींचे गुण, हैमवतींचे पदक. दोन्ही ठिकाणी अडवणूक प्रवेशाच्या वेळी झाली नाही, ती मूल्यमापनाच्या वेळी झाली. हे केवळ वसाहतकाळापुरते नाही. पश्चिम बंगालमधील लोधा-शबर जमातीतील पहिल्या पदवीधर स्त्री चुनी कोटाल या मेदिनीपूर येथील विद्यासागर विद्यापीठात मानवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. जीववैद्यकाच्या सीमेला लागून असलेला हा विषय, आणि ज्या जमातींचा तो अभ्यास करतो त्यांपैकी एका जमातीची ही विद्यार्थिनी. लोधांवर इंग्रजी अमदानीत ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का मारला गेला होता. प्रवेश राखीव जागेमुळे मिळाला, वसतिगृहातील नोकरीही मिळाली. तक्रार होती ती हजेरी, गुण आणि अपमानास्पद वागणूक यांविषयी. १६ ऑगस्ट १९९२ रोजी त्यांनी आत्महत्या केली. महाश्वेतादेवींनी लगेचच त्यांच्यावर लिहिले आणि हे नाव महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. त्या लेखनाचे बळ तपशिलात आहे. कोणत्या वर्षी अर्ज केला, किती दिवसांची हजेरी धरली नाही, चौकशीचे काय झाले, असा तो तपशील. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मधील संस्कृत शिक्षणाची कथा वाचलेल्या मराठी वाचकाला नकाराची ही सभ्य, कार्यालयीन भाषा अपरिचित नाही.

संशोधन-प्रशिक्षणात मूल्यमापन अधिकच खासगी होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पदवीपरीक्षेत निदान उत्तरपत्रिका असते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या शिफारशीवर, प्रयोगशाळेतील उपकरण कोणाला केव्हा वापरायला मिळते यावर, शोधनिबंधावर कोणाचे नाव कितवे येते यावर अवलंबून असते. कोलकाता आणि परिसर हे आज जीववैद्यकीय संशोधनाचे मोठे केंद्र आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून विकसित झालेली जादवपूरची भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्था आणि कल्याणी येथील जीववैद्यकीय जीनोमिकी संस्था ही दोन नावे पुरेशी आहेत. अशा संस्थांत जाणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००५-०६ पासून केंद्र शासनाची राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली, ती पुढे वेगळ्या नावाने चालू राहिली. सच्चर समितीच्या २००६ मधील अहवालाने पश्चिम बंगालमधील मुस्लिम समाजाचे उच्च शिक्षण व शासकीय सेवा यांतील अल्प प्रमाण दाखविल्यानंतर, २००९ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आली. इतर योजनांशी ती परस्परव्यापी असल्याचे कारण देऊन २०२२-२३ पासून ती बंद करण्यात आली. आधीच्या लाभार्थींची मुदत तेवढी चालू ठेवण्यात आली.

या योजनांनी निर्वाहाचा प्रश्न हाताळला, आणि ते थोडे काम नव्हे. वीस रुपयांची शिष्यवृत्ती नसती तर १८८४ मध्ये पुढील काही घडले नसते. तथापि शेगडी, हजेरी, गुण, पदक आणि रस्ता यांची तरतूद अधिछात्रवृत्तीच्या नियमावलीत होत नाही. त्यासाठी गुडीव्ह यांच्यासारखा सोबत जाणारा शिक्षक लागतो, बॉडली यांच्यासारखी विषयाला मान्यता देणारी अधिष्ठात्री लागते, आणि ते व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडून न देता संस्थेच्या कर्तव्यात बसवावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयांतील पहिल्या पिढीच्या दलित, आदिवासी आणि मुस्लिम संशोधकांची आत्मकथने मराठीत व बंगालीत अद्याप फार थोडी आहेत. मराठी दलित आत्मकथनाने शाळेचा ओटा, वसतिगृहाची खोली आणि कचेरीतील खुर्ची यांचे वाङ्मय निर्माण केले. प्रयोगशाळा त्यात क्वचितच येते. ज्यांनी तेथे काम केले ते बहुधा इंग्रजीत लिहितात आणि तेही शोधनिबंधाच्या कर्मणी प्रयोगात, जेथे लिहिणाऱ्याला स्वतःचे नाव घेण्याची मुभा नसते. हैमवतींच्या वह्यांना वाचक मिळण्यास जवळजवळ सात दशके लागली. तशा वह्या आज कोणाच्या घरी आहेत, याचा शोध दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी अजून सुरू करावयाचा आहे.